नववा आला तर

भाच्याने दिलेलं यंत्र टेबलावर आहे.
चोवीस कोअर, खोक्यावर ठसठशीत लिहिलंय.
औलूत फेब्रुवारी. खाडी पायी ओलांडता येते.

"विंडोज आहेच की आत, मावशी," येरे म्हणाला.
असेल.
मी पेनड्राइव्ह लावला. आमची सिस्टिम,
एन्सिओची आणि माझी,
फोनच्या कारखान्यातल्या रात्रपाळ्यांनंतर
उरलेल्या झोपेतून कापून काढलेली.
जगात तिला वापरणारे एकोणीस जण.
एन्सिओ गेला, तरी एकोणीसच;
यादीतून काढायचं माझ्याच्याने झालं नाही.

पहिला कोअर उठला. दुसरा. चौथा.
आठवा उठेपर्यंत चहा ओतून झाला होता.
नवव्याला हाक गेली
आणि पडदा काळा.

काळ्या पडद्याशी काय बोलणार?
मी झाकण उघडलं.
बोर्डाच्या कडेला, धुळीलाही अजून ठाऊक नसलेल्या जागी,
नऊ बारीक पिना निघाल्या, सिरियलच्या.
कुणीतरी ठेवल्यात अजून, माझ्यासारख्यांसाठी.
जुनी केबल, जुना लॅपटॉप,
आणि शेवटची ओळ हळूच उमटली:
आठ नंबरच्या कोअरला जागा नाही.
(आमची मोजणी शून्यापासून. आठ म्हणजे नववा.)

मग सोर्स उघडला.
एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची फाइल, त्याची ती आखूड ओळ,
कमाल मर्यादा आठ,
आणि शेजारी शेरा:
"सौनाच्या बाकावर आठच मावतात.
नववा आला तर मला फोन करा."
पुढे नंबरसुद्धा.

मी काही फोन केला नाही.
केला.
हा नंबर अस्तित्वात नाही, असं एका बाईने
फार नीट, फार स्वच्छ आवाजात सांगितलं.

आठ खोडून चौसष्ट लिहिले.
वाटलं, एका आकड्याचं तर काम.
पण बाक लांबवून भागत नाही, दारही रुंद लागतं.
आमच्या अख्ख्या कर्नलला कुलूप एक, किल्ली एक.
दोघांच्या संसाराला ती पुरायची.
आता चोवीस जण उंबऱ्यावर ताटकळत,
आणि ज्याच्या हातात किल्ली
तो दुसऱ्याचीच वाट बघत बसलेला.

अकरा रात्री गेल्या. कुलपाची छोटी छोटी कुलपं केली.
दोनदा सगळं बिघडलं, एकदा माझ्याच अर्धविरामाने.
येरेने विचारलं, चाललं का?
म्हटलं, चालेल.

काल पहाटे चोवीसच्या चोवीस उठले.
आवाज नाही. वायफाय नाही.
ग्राफिक्स कार्ड आम्हाला ओळखत नाही, आम्ही त्याला नाही.
कोपऱ्यात एन्सिओने काढलेलं घड्याळ तेवढं चालू,
सेकंदाचा काटा जरा अडखळणारा, पूर्वीसारखाच.

चोवीस जण जागे
आणि काम एकच, काटा पुढे ढकलायचा.
मी शेरा खोडला नाही.
खाली तारीख टाकली:
आला. फोन लागला नाही.