तोच कोळसा

आर्ब्रोथला साडेतीनलाच अंधार पडतो.
दाराच्या फटीतून वारा आत येतो,
मासे धुरावल्याचा वास घेऊन.
शेजारीण ईना. आडनाव कारगिल.
सासऱ्यांनी फोनवर ते दोनदा विचारून घेतलं होतं,
मग म्हणाले, म्हणजे थंडी असणारच.

पहिल्या डिसेंबरात तिनं मला तिच्या ओट्याशी उभं केलं.
साखर, लोणी, आटवलेल्या दुधाचा डबा,
आणि ढवळायचं, हात दुखेस्तोवर,
मग आणखी थोडं.
त्या वड्यांना ती टॅब्लेट म्हणाली.
मला वाटलं, हिला बरं नाही.
माझं इंग्रजी तेव्हा भाजी आणण्यापुरतं,
तिचं तर मला काहीच कळत नव्हतं.
तिनं वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब सोडला,
बोटांनी चाचपला, माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, गोळी झाली.
तीही काहीतरी म्हणाली. तेच असणार,
कारण गॅसच्या बटणाकडे
दोघींचे हात एकदमच गेले.

एकतीसच्या रात्री मात्र तिला पद्माकर हवे असत.
बारानंतर उंबरा पहिल्यांदा ओलांडावा
तो काळ्या केसांच्या पुरुषानं, हातात कोळसा घेऊन,
म्हणजे वर्षभर घर उबदार राहतं.
अख्ख्या गल्लीत काळे केस यांचेच.
याच केसांकडे पाहून डंडीत दोन घरमालकांनी
खोली आत्ताच गेली, असं सांगितलं होतं.
इथं तेच केस थंडीत दाराबाहेर ताटकळत,
आधी तीन घरांसाठी, नंतर सात.
प्रत्येक घरी एक घोट. परत येताना
फाटक सोडून हे कुंपण ओलांडायचे.

मग केस पिकले.
तेव्हापासून वर्षातून एकदाच, एकतीसच्या दुपारी,
न्हाणीघरात कलप.
बेसिनवर काळे शिंतोडे, कानाच्या पाळीवर एक ठिपका,
"ईनाला सांगू नकोस."
ईनाची शेगडी तोवर बुजवलेली,
भिंतींवर रेडिएटर आलेले,
कोळसा मिळायचा बंद झालेला.
एकच खडा उरला होता. तो वर्तमानपत्रात गुंडाळून
ती दुपारी मागच्या दारानं यांना द्यायची,
रात्री पुढच्या दारानं घ्यायची.
सव्वीस वर्षं. झिजून सुपारीएवढा झाला.

यंदा मार्चमध्ये पद्माकर गेले.
डिसेंबर आला तसा मी येऊ दिला.
ऋजुता ब्रिस्टलहून म्हणाली, निघते.
म्हटलं, रस्ते निसरडे आहेत.

एकतीसच्या दुपारी मागचं दार वाजलं.
एक्क्याण्णव वर्षांची ईना, काठी,
आणि वर्तमानपत्राची पुडी.

मी म्हटलं, बाई चालत नाही, तूच सांगितलंस.
त्यात केस पांढरे. त्यात आमच्याकडे अशा बाईला
संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा...
पुढचं इंग्रजीत कसं सांगायचं
ते इतक्या वर्षांतही जमलेलं नाही.
ती म्हणाली, या वयात माझं आणखी काय वाईट करणार आहेस?
कर बघू.

संध्याकाळी ट्रंकेच्या तळातून चंद्रकळा काढली.
केस नाहीत तर पदर तरी काळा.
घाईत तीळ भाजले, थोडे करपले.
गुळाचा थेंब पाण्यात सोडला
आणि एकटीनंच चाचपला.

बारा वाजले. बंदरात बोटींचे भोंगे झाले.
तिच्या दारापुढे उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं
हे इथं इतका वेळ काय करत असतील.
काही नाही. फटीतून आतला उजेड दिसतो,
नाक गळतं,
आणि मुठीतला कोळसा हळूहळू
हाताइतका कोमट होतो.

दार उघडलं. तिनं आधी कोळसा घेतला, मग लाडू.
दाढेखाली धरला, फुटेना.
"कडक," ती म्हणाली.
हा शब्द मीच तिला शिकवलेला.

मग शेगडीवरच्या फळीवर तिनं कोळसा ठेवला.
धुळीत त्याची जागा होती,
त्याच्याहून जरा मोठी.