तिसऱ्या अल्बमची बाजू

वेंगुर्ले बंदरावर बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला आम्ही चौघं
इनास लोबोवरून भांडत असतो.
भांडत नाही, ताहिर म्हणतो,
वजन करतो त्याचं.
काटा रोज वेगळा दाखवतो, एवढंच.

ताहिरला पहिलाच हवा. 'खारवण'.
तीन गिटारी, तिन्ही जराजरा उतरलेल्या,
आणि ड्रम असे की कुणी रिकाम्या होडीत
शहाळी ओततंय.
तेव्हा एकवीस वर्षांचा होता
(ताहिर. इनासचं माहीत नाही).
माणसाला एवढं कारण पुरतं.

वैजयंती आरोलकर गणित शिकवते,
घरी उकडतं म्हणून इथे बसून पेपर तपासते.
तिचा जीव 'चिल्लर'मध्ये.
चव्वेचाळीस गाणी, एकही मिनिटाच्या वर नाही.
एक तर "थांब, शिट्टी झाली" एवढ्यावरच संपतं.
शिट्टी कुकरची की लाँचची
हे तिला अजून सुटलेलं नाही,
आणि न सुटलेल्याला ती पैकीच्या पैकी देते.
मुलांच्या बाबतीत मात्र नाही.

पास्कू मशीन बघतो.
त्याला तो लाजरा, कीबोर्डवाला अल्बम आवडतो,
जो काढल्याबद्दल इनासने पुढे माफी मागितली होती.
"माफी कित्याक?" पास्कू म्हणतो.
"माज्या भयणीच्या लग्नात
आमी नाचलंव तेच्यार."
यावर आमच्याकडे उत्तर नसतं.

मी तिसऱ्याच्या बाजूची.
'सुकती'. एकच गाणं, एकेचाळीस मिनिटं,
आणि खालून एक घरघर,
ओहोटीला चिखल उघडा पडावा तशी
हळूहळू वर येणारी.
सव्विसाव्या मिनिटाला तो एक शब्द म्हणतो.
मला ऐकू येतं "कुडाळ".
ताहिरला "उधार".
वैजू म्हणते, घसा साफ केलाय त्याने,
तुम्ही लोक त्याला खाकरूही देणार नाही.

असा माणूस एक की पाच, हा खरा वाद.
ताहिरच्या मते पहिला खरा,
बाकीचे त्याचे भाऊबंद, जमिनीवर हक्क सांगणारे.
मी म्हणते, एकाच खाडीला
दर कोसाला वेगळं नाव असतं की.
वैजू लाल पेनाने हवेत फुली मारते, दोघांनाही.

परवा दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
कॉम्प्रेसर थांबला.
आधी वाटलं कान गेले.
मग नळीतून पडणारा थेंब ऐकू आला,
जेटीला घासणारी दोरी,
बाहेर कुणाचं तरी झोपेतलं खोकणं.
आणि जे नव्हतं, ते.
तीन वर्षं रोज आठ तास
मी ज्याच्या आत बसून लाद्या मोजल्या
ती घरघर.
अंधारात वैजूने हलकेच तो सूर धरला.
ताहिर म्हणाला, नाही, किंचित वर आहे अल्बममध्ये.
मी म्हटलं, तुझी कॅसेट ताणलेली आहे.

आतून बॅटरी घेऊन पास्कू ओरडला,
"इनास हंयच होतो कामाक.
दोन मे म्हयने. ह्याच मशिनीर."

कुणी काही बोललं नाही.

"सांगलंस कित्याक नाय?"
ताहिरचा आवाज फाटला होता.
"तुमी कधी इचारलात?
तुमी आपले अल्बम अल्बम करतास."

जनरेटर लागला. त्याचा सूर भलताच,
दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेला.
दिव्यात आम्ही एकमेकांकडे बघेना.
मी वहीत वेळ लिहिली.
पाण्याचे डबे तसेच होते,
कडेला गोठलेले, मध्ये अजून हलणारे.

चारला देवगडचा टेम्पो आला.
बर्फ फोडताना ताहिर पुटपुटत होता,
ठीक आहे, होता इथे,
म्हणून काय 'खारवण'पेक्षा मोठा झाला का तो?
आणि फावड्याच्या ठेक्यावर गुणगुणायला लागला.
मी नीट कान दिला.
'चिल्लर'मधलं सतरावं होतं.
वैजूला सांगितलं नाही. अजून.