उन्हात घातलेली पुस्तकं

फाटकावर रजिस्टर असतं.
नाव, वेळ, नाते, सही.
पहिल्या शनिवारी नात्याचा रकाना मी सोडून दिला
तर हत्तुरेकाका म्हणाले, रिकामं चालत नाही ओ, ऑडिट असतंय.
मी लिहिलं : पुस्तके.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं
आणि आत सोडलं.

मुलं जिन्यावर उंचीप्रमाणे उभी राहिली,
कुणी न सांगता.
हात जोडलेले, स्वागताचं गाणं तयार,
नजरा माझ्या पिशवीच्या तळाशी.
फोटो कुठं काढणार, एकानं विचारलं,
नेहमी तुळशीपाशी काढतेत.
फोटो नाही म्हटल्यावर रांग जराशी विस्कटली.
बिस्किटंही नाहीत म्हटल्यावर पुरती.

मी चादर पसरली,
कारखान्यातून सेकंडात निघालेली,
एका मोराला दोन चोची.
तिच्यावर एकेचाळीस पुस्तकं.
मोराला हसायला सगळे जवळ आले
आणि पुढचं पुस्तकांनी केलं
असं म्हणायला आवडलं असतं.
झालं असं, की रेवण्यानं दोन जाड पुस्तकं उभी करून
गोलपोस्ट केला.

अंबिकानं मात्र एक उचललं, वाघाचं.
मधोमध उघडलं
आणि नाक आत घालून बसली.
तासभर. पान न उलटता.

मला लाज वाटली.
आमच्या घरकुलात खोली एकच.
अम्माचं सूप, कात्री, भिजवलेली पानं,
तंबाखूची पुडकी,
आणि तिथंच भिंतीला टेकून ही पुस्तकं.
हजार विड्या होईपर्यंत अम्मा हलत नाही,
वास तर त्यानंतरही हलत नाही.
शाळेत माझ्या शेजारच्या मुली
बाक बदलून मागायच्या.

रविवारी सगळी पुस्तकं गच्चीवर मांडली.
सोलापूरचं एप्रिलचं ऊन,
त्यात पापड काय, माणूस वाळतो.
पान पान उलटून वाळवलं, कडेनं कापूर ठेवला.
अम्मा खालून तेलुगूत ओरडली,
अक्षरं उडून जातील गं!

पुढच्या शनिवारी अंबिकानं वाघ शोधला.
उघडला. हुंगला.
मागून हुंगला, शिवणीत हुंगला.
मिटून चादरीवर ठेवला, नीट, कडा जुळवून.
हे ते न्हाई, म्हणाली.
तेच आहे गं, बघ, डाग तोच.
न्हाई.

मग खिडकीत बसून तिनं
वहीच्या कागदाचा चौकोन फाडला,
तिरपा धरला, चिमटीत फिरवला,
टोक नखानं आत दुमडलं.
हाताकडे बघतसुद्धा नव्हती.
एक. मग दुसरी.
पंचवीस झाल्यावर दोऱ्यासाठी इकडंतिकडं पाहिलं,
मी दिसले,
तशी सगळी मुठीत चुरगाळली.

मी काही विचारलं नाही.
तिची फाईल अधीक्षकबाईंच्या कपाटात असते,
किल्ली त्यांच्या कमरेला.
बरंच आहे.

वाघ आठवडाभर सुपाखाली ठेवला.
काय करतीस, अम्मानं विचारलं.
मुरवतेय.
लोणच्यासारखं?
लोणच्यासारखं.
ती थांबली. हात पुसले नाहीत, मुद्दाम.
दोन्ही तळवे पुठ्ठ्यावर दाबले
आणि परत पानं कापायला लागली.

शेअर रिक्षात मांडीवर वाघ.
शेजारच्या माणसानं दोनदा खिसा चाचपला,
काडेपेटी आहे का बघितली.

आज जूनचा दुसरा शनिवार.
रेवण्याचे गोल चालूच आहेत,
त्याचा एक खांब निम्म्यापर्यंत वाचून झालाय म्हणे.
अंबिका अजून वाचत नाही.
कुणी विचारलं तर सांगते, वाचाय लागलेय.
पण मघाशी, नाक आत असतानाच,
तिनं एका डोळ्यानं ओळ पकडली,
बोट ठेवलं :
इथं वाघाच्या पुढं काय लिवलंय?

मी वाकले.
तहान, म्हटलं.

हं, म्हणाली. वाटलंच मला.