दात कुठल्या बाजूला

पहाटे सव्वापाचला उद्यमबागच्या गेटवर
मी टॉर्च आणि पॅड घेऊन उभा असतो.
टायर. वायपर. लाल डब्यावरची तारीख.
मागचा आपत्कालीन दरवाजा आतून उघडतो का
(एकदा तो सायकलच्या ट्यूबनं बांधलेला सापडला,
थंडी लागते म्हणून).
माणसं बेचाळीस, त्रेचाळिसावं नको,
मग ते कुणाचंही मेव्हणं असो.

तीन नंबरची गाडी शिनोळीहून येते.
बाची, तुरमुरी, उचगाव फाटा, हिंडलगा.
सुरुवातीचा तुकडा महाराष्ट्राचा,
त्याचा कागद वेगळा, कर वेगळा,
फाइलचा रंगसुद्धा मी वेगळा ठेवलाय.
रस्त्याला हे कळत नाही.
खड्डा सरळ हद्द ओलांडून जातो.

तीन नंबरवर एकोणीस वर्षं भरमाण्णा सुंठकर.
एक ओरखडा नाही.
मान जरा उजवीकडून पुढं काढून चालवायचा,
मला वाटायचं, ऐट आहे.

कँटीनमध्ये डोळे तपासणी लागली, ड्रायव्हरांची,
वर्षातनं एकदा, ऑडिटच्या आधी.
भिंतीवर कानडी अक्षरांचा तक्ता.
भरमाण्णा पहिल्या ओळीपाशीच थांबला.
"दिसूलालंय की साहेब,
खरं नाव ठाऊक न्हाई त्याचं."
डॉक्टरांनी लिहिलं : अनफिट.

दुपारपर्यंत कोअर शॉपमध्ये बातमी,
संध्याकाळी मोल्डिंगची चार पोरं निवेदन घेऊन हजर,
पहिलीच ओळ : मराठी माणसावर.
तेव्हा मीही पेटलो होतो, खोटं कशाला बोलू.
स्कूटर काढली, खडेबाजारातनं दुसरा तक्ता आणला,
ज्याच्यावर एकच अक्षर, कुठल्याच भाषेचं नसलेलं,
तीन दातांचं, कधी आडवं कधी उलटं.

"दंताळंच हाय की हे," भरमाण्णा हसला.
"होय. दात कुठल्या बाजूला, तेवढं सांग."

डावा डोळा झाकून :
वर. खाली. उजवीकडं. खाली. वर.
चार पोरं माझ्याकडं बघून मान डोलवायला लागली.
मग उजवा झाकला.

भांड्याचा आवाज आला आतून, कँटीनच्या.
सगळ्यात वरचं दंताळं, हातभर मोठं,
मी बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं.
"साहेब, ह्यो तक्ता टांगलाय का अजून?"

निवेदनाचा कागद कुणाच्या खिशात गेला
मी पाहिलं नाही.
मी पाहत होतो हिंडलग्याचं वळण,
डाव्या अंगानं येणाऱ्या सायकली,
रात्रपाळी सोडायला निघालेल्या अकरा बायका,
पुढच्या सीटवर गार्ड म्हणून बसलेली यल्लूबाई,
जी नियमाप्रमाणं जागी असायची
आणि त्याच्या डाव्या बाजूला.

किल्ली त्यानंच टेबलावर ठेवली.
सही मी केली. कानडी तक्त्याच्या
त्याच शेऱ्याखाली, अनफिट.
आधीचं खोडायची गरज पडली नाही.

आता तो यार्डात असतो, दिवसपाळीला,
लोखंडी पान्यानं टायर वाजवत.
पगारातला फरक मी विचारत नाही,
आणि शनिवारच्या बाजारात त्याची बायको
मला बघून कोथिंबिरीची जुडी निवडत राहते.
काल म्हणाला, "तीन नंबर, मागचा डावा, आतला. पडका बोलूलालाय."
गेज लावलं. आठ पौंड कमी.
आवाजाला रजिस्टरात रकाना नाही,
शेऱ्यात लिहिलं.

तीन नंबरला नवा पोरगा आलाय, श्रीशैल.
दोन्ही लिप्या वाचतो,
दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ.
म्हणून त्याचा मोबाइल
मी गेटवरच काढून घेतो.