खाडा

शाळेच्या दाखल्यावर शिवकन्येची जन्मतारीख एक जून.
तिच्या भावाचीही एक जून,
वर्गातल्या सतरा पोरांची एक जून.
जनरल रजिस्टर मी पाहिलंय:
एका शाईत, एका बैठकीत
गुरुजींनी अख्खी पिढी जन्माला घातली.

आखितीचा मुहूर्त चाळीस दिवसांनी चुकला.
मांडवात ग्रामसेवक, एक पोलीस आणि मी.
परातीतली बुंदी कुणीतरी उपरण्यानं झाकली,
कुणीतरी सवयीनं माझ्याही हातात द्रोण दिला,
तो तसाच धरून मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या.
नवरदेवाची आई म्हणाली,
‘चाळीस दिवसांनी येता का मग जेवायला?’

गृहभेट अहवाल, रकाना नऊ, जन्मठिकाण.
इंदरबाई म्हणाली, ‘फडात.
थंडी लई व्हती. पाचट पेटवून शेकली हिला.’
एक जूनला थंडी?
‘तुमचं तुमी बघा. मला थंडी ठावं.’

आता प्रश्न असा, की थंडी त्या जूनच्या आधीची की नंतरची.
आधीची असेल, तर एका सज्ञान बाईचं लग्न
मी मोडून आले.
नंतरची असेल, तर दसऱ्याला ट्रक भरतील
तेव्हाही ही पोरच,
कुणाच्या अर्ध्या कोयत्याला जोडता येणार नाही.

कायद्यात क्रम ठरलेला:
आधी दाखला, मग जन्माची नोंद, मग हाडांचा एक्स-रे.
जन्माची नोंद नाही.
ऊस ज्या जिल्ह्यात होता तिथं ती परगावची,
आणि गावी आली तेव्हा रांगत होती.

मुकादम धारूरला राहतो.
पत्र्याच्या पेटीतून त्यानं वह्या काढल्या,
पहिल्या पानावर हळदीचं बोट,
मग कारखाना, टोळी, उचल.
पैशाचं काही फेकत नाही हा माणूस.
त्या जूननंतरचा डिसेंबर. चौदा तारीख.
इंदर. खाडा दोन. वजा दोनशे.

‘कशाचा खाडा?’
‘बाळंत झाली आसंल. तिसऱ्या दिशी मोळ्या बांधाया आली की.
बाई चांगली.’

बीडला समितीनं फोटो हातोहात फिरवला.
‘मॅडम, ही वही कुठल्या कलमात बसवायची?’
बसत नाही, मला माहीत होतं.
तरी जोडपत्र क, असं लिहून मी ती जोडली.
पुढची तारीख मिळाली, मेअखेरची.

बाहेर बाकावर शिवकन्या,
कोपरापर्यंत मेंदी, पायात बालगृहाच्या चपला,
दोन्ही डाव्या.
तिनं माझा मोबाईल घेतला,
दोन बोटांनी अक्षर मोठं केलं,
पुन्हा मोठं केलं.

‘माझ्यापायी दोनशे कापले?’

मग बराच वेळानं,
‘मायनं कधी बोलून दाखवलं न्हाई.’