कच्चा की पक्का

धुळ्याला, तळघरात, रात्री साडेनऊला
सुकलाल भावसार चांदीचा करदोडा उतरवून
चुन्याच्या डबीशेजारी ठेवतो.
लघवी जरा अडवून धरा, मी सांगते.
"वरीसभर लाल उतरतेय,
आता अडवू म्हणतेस, माय?"

चौतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात.
कोपरापर्यंत निळा, लग्नाच्या फोटोतसुद्धा.

यंत्र ठोकू लागतं.
तो आत निवांत, साच्यांच्या खडखडाटात पडल्यासारखा.
शिरेतून थंड काय चाललंय, माइकवर विचारतो.
डाय, मी म्हणते.
इतका हसतो की चित्र हलतं,
सगळं पुन्हा घ्यावं लागतं.

पडद्यावर पांढरं तळं,
भोवती स्नायूची काळी रेघ,
डाव्या काठाला करड्या बोंडासारखं काहीतरी.
रेघ शाबूत असली तर खरवडून भागेल.
तुटली असली तर पिशवीच काढतील.
मी खाली सरकते, तीन-तीन मिलिमीटर.
सलग. सलग.
सलग.
मग एका कापात पुसट.

पुसट म्हणजे तुटली नव्हे.
सकाळी डॉक्टर ठरवतील,
मला बोलायची मुभा नाही.

संडासातला नळ बराच वेळ वाहतो.
बाहेर येऊन विचारतो,
"कितला खोल जायेल शे?"
मी करदोडा पुढे करते.

तो घेत नाही. दवाखान्याच्या गाउनची बाही
चिमटीत धरून चोळतो,
बोट ट्यूबलाइटखाली नेऊन बघतो.
"कच्चा शे," म्हणतो.
"हाऊ निंघी जाई."