जास्तीची वादी

भूपाल मगदूम, वय एक्केचाळीस, केएमटीत कंडक्टर.
दोन महिने त्यांना बसच्या कडेच्या सीटा दिसत नव्हत्या.
मधली माणसं दिसायची,
काठावरची तिकिटाविना उतरून जायची.
एमआरआयमध्ये पिट्युटरीवर आवळ्याएवढी गाठ,
आणि माझ्या मशीनवर प्रोलॅक्टिन अठ्ठ्याऐंशी.
एवढ्या गाठीला अठ्ठ्याऐंशी?

सर म्हणाले, आकडा आलाय ना, रिपोर्ट लाव,
वर ऑपरेशनची तारीख बघतायत.

मी सुभाषनगरची. आमच्या घरात
म्हशीचं कातडं आधी आलं, दूध नंतर.
आबा आरीनं दोन पट्ट्यांना भोकं पाडायचे.
वादी एकच. आधी या भोकातून, ओढून घट्ट,
मग त्या. दुसरं भोक जरा नाखूश असतं, म्हणायचे,
त्याला चुचकारावं लागतं.

पेशीच्या काठावर असंच चालतं.
दोन रिसेप्टर, आपापल्या नादात तरंगणारे.
प्रोलॅक्टिन एकाला धरतं, पक्कं,
मग दुसऱ्या कुशीनं दुसऱ्याला, थोडं सैल.
वर टाका बसला की आत, पडद्याखाली,
दोघांचे पाय एकमेकांना लागतात
आणि निरोप केंद्रकाकडे पळत सुटतो:
दूध कर.
गंगावेशीत रात्री उभ्यानं ग्लास रिकामा करणाऱ्यांना
कुठं ठाऊक, म्हशीच्या कासेत आधी
असे किती कोटी टाके पडलेत.

लहानपणी मदत म्हणून मी एकदा
प्रत्येक भोकात वेगळी वादी ओवून ठेवली.
भोकं सगळी भरली. शिवण एकही नाही.
आबा हसले नाहीत.
"लई झालं की जुळत न्हाई, पोरी."

माझ्या टेस्टमध्येही दोन पट्ट्याच की,
दोन अँटिबॉडी, मध्ये एक प्रोलॅक्टिन.

उठले. मगदूमांचं सीरम शंभर पट पातळ केलं,
पुन्हा लावलं, डबा उघडला.
रस्सा गार. मशीनची घरघर.
दोनशे चौदा.
गुणिले शंभर.
कागदावर पुन्हा गुणलं, बोटं मोजून शून्यं बघितली.

गोळीनं उतरेल, डॉक्टर म्हणाले,
ऑपरेशन नको, बहुतेक.
बहुतेक हा शब्द ते दोनदा म्हणाले.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं.
हातातली आरी खाली न ठेवता
त्यांनी एवढंच विचारलं,
कंडक्टरच्या पायाचं माप काय गं?